पाना कुणाच्या हातात?

महिला दिन जवळ आला की आपल्याकडे शिलाई मशीनं वाटली जातात. मांडव पडतो, पाहुणे येतात, सत्कार होतात, फोटो निघतो. मशीन बाईचं, फोटो पाहुण्यांचा. सहा महिन्यांनी त्याच वस्तीत फेरी मारली की काही मशीनं कोपऱ्यात जुन्या लुगड्याखाली झाकून ठेवलेली दिसतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बिघडलंय वो ताई. मिस्त्री यायचाय." मिस्त्री आठ दिवस येत नाही. आला की पाच मिनिटं काही तरी करतो, बाईकडे पाठ करून करतो, आणि तिच्या दोन दिवसांच्या कमाईएवढे पैसे घेऊन जातो. शटलमध्ये धागा गुंतलेला असतो, पट्टा सैल झालेला असतो किंवा सुईचा आणि शटलचा मेळ सुटलेला असतो. बस्स, एवढंच.

आपण तिला मशीन चालवायला शिकवलं, उघडायला शिकवलं नाही. मशीनबरोबर येणारी ती छोटी पत्र्याची डबी, जिच्यात स्क्रू ड्रायव्हर आणि तेलाची कुपी असते, ती घरातल्या पुरुषाच्या ताब्यात गेली आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मला या लेखात एकच गोष्ट म्हणायची आहे. हत्यारांचं ज्ञान ही मिळकत आहे. जमीन जशी मिळकत, घर जसं मिळकत, तशीच. आणि जमिनीप्रमाणेच ही मिळकतही बापाकडून मुलाकडे जाते, मुलीला वगळून जाते. जमिनीवरच्या हक्कासाठी आपण मोर्चे काढले, कायदे बदलून घेतले. या दुसऱ्या मिळकतीबद्दल मात्र आपल्या चळवळीनेही फारसं तोंड उघडलेलं नाही. मी ते एका जुन्या मोटारसायकलच्या निमित्ताने उघडते आहे.

पोत्यातली मोटारसायकल

माझे वडील सोलापूरच्या गिरणीत जॉबर होते. माग बिघडला की तो चालू करून देणं हे त्यांचं काम. त्यांच्याकडे जावा २५० ही मोटारसायकल होती, दुसऱ्याकडून घेतलेली. आजच्या मुलींना हे नाव माहीत नसेल म्हणून सांगते. चेकोस्लोव्हाकियातल्या जावा कंपनीच्या परवान्याने म्हैसूरच्या 'आयडियल जावा' कारखान्यात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ही गाडी बनू लागली. पुढे १९७३ पासून तिथल्या गाड्यांवर 'येझदी' हे नाव आलं आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. एकच सिलिंडर, पण धुराची नळकांडी दोन. गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते. आमच्या भागात गिरणी कामगार, शिक्षक, दूधवाले अशा लोकांनी या गाड्या वापरल्या.

वडील दर रविवारी गाडी खोलून बसत. मी आणि भाऊ शेजारी. "दहा-अकराचा पाना दे गं," असं ते मला म्हणत आणि "हा नट आवळ रे," असं भावाला. लक्षात घ्या, दोघांनाही कामाला लावलेलं आहे, कुणालाही हाकललेलं नाही. आमचे वडील काही वाईट नव्हते. पण मुलगी पाना देते आणि मुलगा पाना फिरवतो, ही वाटणी त्या अंगणात कुणीही न बोलता झालेली होती. भाकरी थापताना आईच्या हाताखाली मी होते, भाऊ नव्हता. तीही वाटणी अशीच, न बोलता. श्रमविभागणीवर आपण शिबिरांत तक्ते भरून घेतो ना, चुली-पाणी-लाकूडफाटा असे? त्या तक्त्यात 'दुरुस्ती' असा रकाना मी अजून पाहिलेला नाही.

गिरणी बंद पडली. गाडीचं इंजिन काढून एका मिस्त्रीकडे दिलं, ते सुट्या भागांतच परत आलं. मग सगळी गाडीच हळूहळू सुटी होत गेली. वडील वारले तेव्हा माळ्यावर तीन पोती, दोन बिस्किटांचे डबे आणि भिंतीला टेकवलेला सांगाडा एवढा तिचा संसार होता. दिवस झाल्यावर घरातल्या वस्तूंचं काय करायचं यावर बोलणं झालं. आईचे चार दागिने निघाले तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोती निघाली तेव्हा सगळ्यांनी भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "भंगारात देऊन टाकू." मी म्हटलं, "मला पाहिजे." मामा हसले. म्हणाले, "तू काय करणार गं तिचं?"

हा प्रश्न नीट ऐका. शेताच्या तुकड्याबद्दल बहीण बोलली की हाच प्रश्न येतो. तू काय करणार गं त्याचं? कसणार आहेस का? म्हणजे आधी कसायला शिकवायचं नाही आणि मग कसता येत नाही म्हणून द्यायचं नाही.

सही करणाऱ्या बायका

थोडं कायद्याचं बोलू, कारण आपल्या गटांतल्या बायकांना याचा उपयोग आहे. हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, त्याने मृत्युपत्र केलेलं नसेल तर, मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला आणि २००५ च्या दुरुस्तीने तो देशभर झाला. वाहन हीसुद्धा मिळकतच आहे. मालक वारला तर ३० दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून वारसाच्या नावे करून घ्यायचं, असा नियम आहे. बाकीच्या वारसांची संमती लागते. २०२१ पासून तर मालकाला हयातीतच नोंदणी पुस्तकात नामनिर्देशन करता येतं.

प्रत्यक्षात काय घडतं? वाहन मुलाच्या नावे होतं. संमतीपत्रावर आई सही करते, बहीण सही करते. शेताच्या हक्कसोडपत्रावरही त्याच दोघी सही करतात. आपल्या घराघरांतल्या बायकांनी कागदावर केलेल्या सह्या मोजल्या, तर त्यातल्या किती स्वतःला काही मिळावं म्हणून आणि किती दुसऱ्याला मिळावं म्हणून, हे एकदा मोजून पाहायला हवं.

आमच्याकडे उलट झालं. आईने आणि भावाने सही केली, गाडी माझ्या नावे आली. एक एजंट मला तीनदा विचारत होता, "मॅडम, भावाच्या नावावर का करत नाही? वापरणार तर तेच ना?" मी त्याला म्हटलं, "वापरणार मी. दुरुस्तही मीच करणार." तो यावर काहीच बोलला नाही. नमुना ३१ मात्र त्याने लगेच काढून दिला.

अंगणातलं काम

आता कामाचं सांगते, कारण 'बायकांनाही जमतं' असं नुसतं म्हणण्यात अर्थ नाही. काय जमतं, कसं जमतं, कुठे बाहेरची मदत घ्यावी लागते, हे सांगितलं तरच दुसरी बाई पुढे होईल.

पहिले दोन महिने मी एकही नट आवळला नाही. तीन पोती अंगणात रिकामी केली, एकेक भाग रॉकेलमध्ये धुतला, पुसला आणि वर्तमानपत्रावर मांडला. शेजारी वही. कोणता भाग, कुठला, किती गंजलेला, आहे की नाही. या गाडीची जुनी पुस्तिका आणि भागांचे आराखडे जावा-येझदीचे शौकीन एकमेकांना देतात, ते मिळवले. जुनी गाडी जोडण्यातलं निम्मं काम हे असं यादीचं आहे. बचत गटाचं दप्तर ठेवणारी कुठलीही बाई ते करू शकते.

मग इंजिन. हे दोन स्ट्रोकचं इंजिन आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनासारखे व्हॉल्व्ह, कॅम, टॅपेट असं त्यात काही नाही. पिस्टन वर-खाली होतो आणि सिलिंडरच्या भिंतीतली भोकं आपल्या अंगानेच उघडतो-झाकतो. पिस्टन वर गेला की खालच्या पेटीत पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ओढलं जातं. खाली आला की ते दाबलं जाऊन बाजूच्या वाटेने वर चढतं. म्हणजे खालची पेटी, जिला क्रँककेस म्हणतात, ती हवाबंद पाहिजे. दोन्ही बाजूंचे ऑइल सील आणि जोडावरचं पॅकिंग ठीक नसेल तर गाडी कितीही किक मारा, नीट चालणार नाही. कुकरची रिंग गेली की वाफ निसटते आणि डाळ शिजत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तत्त्व तेच आहे. पण कुकरची रिंग बदलणाऱ्या बाईला कुणी 'मेकॅनिक' म्हटलेलं मी ऐकलं नाही.

या गाडीला इंजिनासाठी वेगळं तेल लागतं ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. लिटरमागे ३० ते ४० मिलिलिटर. कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, जास्त झालं तर प्लग काळा पडतो आणि धूर होतो. क्लचच्या तबकड्यांना बुचाच्या लाकडाचे तुकडे बसवलेले असतात, ते झिजलेले होते, ती सगळी थप्पी बदलली. करंट देणाऱ्या पॉइंटमधली फट ०.४ मिलिमीटर ठेवायची असते. ती मोजायला पातळ पात्यांचा एक जुडगा मिळतो, त्याला फिलर गेज म्हणतात. तो स्वस्त आहे आणि एकदा घेतला की जन्मभर पुरतो.

काही कामं घरी होत नाहीत. क्रँकचं बेअरिंग बदलायला दाबयंत्र लागतं. सिलिंडरला आतून झीज पडली असेल तर तो मशीनवर घासून थोडा मोठा करावा लागतो आणि त्या मापाचा मोठा पिस्टन बसवावा लागतो. ही कामं मी बाहेर करून घेतली. तिथेच खरी गंमत. एका दुकानात मी सिलिंडर पुढे ठेवला. मालकाने सिलिंडरकडे पाहिलं नाही, माझ्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. "गाडी कुणाची? त्यांनाच पाठवा की ताई." मी म्हटलं, "माझीच आहे. माझ्यासमोर मोजा, वर, मध्ये आणि खाली. तिन्ही मापं मला लिहून द्या." मापं मिळाली, पण कपाळाला आठ्या घालून. काम झाल्यावर पिस्टन सिलिंडरमध्ये घालून बाजूची फट मी तिथेच पात्याने तपासली. फट हवी तेवढी नव्हती. न बोलता त्याने सिलिंडर परत मशीनवर चढवला. माझ्या जागी माप न विचारणारी बाई असती तर तो तसाच गेला असता, पहिल्या दहा-वीस किलोमीटरवर पिस्टन जाम झाला असता, आणि सगळे म्हणाले असते, "तरी सांगत होतो, हे बायकांचं काम नव्हे."

ज्ञान नसलं की पैसे जातात, हा एक भाग. दुसरा भाग असा की नुकसान दुसऱ्याने केलेलं असतं आणि कमीपणा बाईला येतो.

दीड वर्षं लागलं. बहुतेक रविवार त्यात गेले. गाडी आज चालू आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आणली. नव्याने नोंद करायची तर तिचं शुल्क २०,००० रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. मला गाडी कपाटात ठेवायची नव्हती. म्हणून मी नेहमीच्या नूतनीकरणाची वाट धरली. तपासणी, विमा, पीयूसी, पर्यावरण कर, सगळं रीतसर. हौस म्हणून जुन्या गाड्या जपणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण मला ती वस्तीवर जायला हवी आहे.

ताकद, घाण आणि अब्रू

या दीड वर्षात मला तीन प्रकारचे आक्षेप ऐकायला मिळाले. ते माझ्यापुरते नाहीत. आपण मुलींना गॅरेजमध्ये पाठवायचं म्हटलं की हेच तीन पुढे येतात.

पहिला ताकदीचा. ही गाडी सव्वाशे किलोच्या आसपास भरते. बाईला कसं झेपणार? आपल्या सोलापूर जिल्ह्यात उसाच्या फडात बायका डोक्यावर मोळी घेऊन शिडीवरून ट्रकवर चढतात. बांधकामावर घमेली वाहतात. तेव्हा कुणाला त्यांच्या ताकदीची काळजी वाटत नाही. रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसलेलं घिसाडी कुटुंब आठवा. नवरा सांडशीत लोखंड धरून बसलेला असतो आणि समोर उभी राहून घण घालते ती बाई. पण 'लोहार' कोण? बसलेला माणूस. गाडी सरळ उभी करायला, नट सोडवायला ताकदीपेक्षा युक्ती लागते. पान्याला लांब पाइप लावला की जाम नट सुटतो. किक पायाच्या जोराने नव्हे, पिस्टन योग्य जागी आणून मारायची असते.

दुसरा आक्षेप घाणीचा. ग्रीसने काळे झालेले हात पाहून शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, शिकलेली पोर तू, एमएसडब्ल्यू झालेली." यात नुसतं बाईपण नाही, जातही आहे. हाताने काम करणारा खालचा आणि कागदावर काम करणारा वरचा, हे आपल्या हाडीमासी मुरलेलं आहे. म्हणून मुलगी इंजिनिअर झालेली चालते. पुण्यात कमिन्स कॉलेजसारखं फक्त मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ मध्येच निघालं. पण मुलीने चौकातल्या गॅरेजमध्ये बसलेलं चालत नाही. आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. मोटार मेकॅनिकच्या वर्गात त्या जागांवर किती मुली बसतात, हे आपापल्या गावच्या आयटीआयमध्ये जाऊन पाहा आणि शिवणकामाच्या वर्गातही पाहा. वर्गमैत्रीण एकही नाही, सोबत कुणी नाही, मुतारीची धड सोय नाही, मग पालक काय म्हणून पाठवतील?

तिसरा आक्षेप अब्रूचा, आणि तो काळजीच्या वेषात येतो. १९४८ च्या कारखाना कायद्यातलं २२ वं कलम मी अभ्यासात वाचलं होतं. चालू यंत्राचा भाग साफ करणं, त्याला तेल घालणं, तो जुळवणं, जिथे इजा होण्याचा धोका आहे तिथे हे काम बाईला आणि अल्पवयीन मुलाला देऊ नये, असं त्यात लिहिलेलं होतं. हेतू सुरक्षिततेचा होता, मान्य. पण धोका असेल तर तो पुरुषालाही आहे. यंत्र सुरक्षित करण्याऐवजी बाईलाच यंत्रापासून बाजूला केलं, आणि तेलाची कुपी कायद्यानेच पुरुषाच्या हातात दिली. आमच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांत आजही हेच दिसतं. बायका कांड्या भरतात, टॉवेलला शिलाई मारतात, चादरीची गाठोडी बांधतात. माग दुरुस्त करतो तो पुरुष. पगारात फरक का, असं विचारलं की मालक म्हणतो, "तो कारागीर आहे." ती पंधरा वर्षं त्याच मागाशेजारी बसली आहे. तिला कारागीर व्हायला कुणी दिलं नाही.

आणि हे इतिहासात कधी घडलंच नाही असंही नाही. १९३४ मध्ये थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोघी पँथर मोटारसायकलला साइडकार आणि मागे गाडा जोडून लंडनहून निघाल्या आणि सहारा ओलांडून १९३५ मध्ये केपटाऊनला पोचल्या. वाटेतली दुरुस्ती त्यांनीच केली. बियाट्रिस शिलिंग ही इंग्लंडमधली इंजिनिअर आपली मोटारसायकल स्वतः बांधून शर्यतीत उतरवत असे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांची इंजिनं सूर मारताना बंद पडत होती, त्यावर तिने १९४१ मध्ये एक साधी भोकाची चकती बसवून तोडगा काढला. युद्ध होतं तेव्हा अशा हजारो बायका यंत्रांवर चालल्या. युद्ध संपलं, पुरुष परत आले आणि बायकांना घरी जायला सांगितलं. आपल्याकडे १९७४ मध्ये पुण्याच्या टेल्कोने जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी, पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि ती नोकरी मिळवली. तेव्हा दार उघडलं ते इंजिनिअर बाईसाठी. फिटर बाईसाठी पोस्टकार्ड लिहायचं काम अजून शिल्लक आहे.

आपल्यातल्याच काही प्रश्नांना

आता आपल्याच मैत्रिणींचे प्रश्न. एका बैठकीत एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "विडी वळणाऱ्या बाईला तुझ्या मोटारसायकलचं काय? हा मध्यमवर्गीय छंद आहे."

छंद हा शब्दच आधी तपासू. पुरुषाने रविवारी अंगणात गाडी खोलली तर तो छंद. त्याच्या बायकोने त्याला चहा नेऊन द्यायचा. बाईने रविवारी अंगणात गाडी खोलली तर तो घराकडे दुर्लक्ष. छंदाला लागतात दोन गोष्टी, मोकळा वेळ आणि घरातली जागा. या दोन्ही गोष्टी कुणाच्या नावावर आहेत? कुंभारीच्या गोदुताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांनी लढून घरं मिळवली. २००६ मध्ये १०,००० घरं उभी राहिली. त्या घरांतली एखादी बाई दिवसभर विड्या वळते, मग स्वयंपाक करते. तिला मोटारसायकल नको असेल. पण तिच्या घरातली मोटर बंद पडते, पंखा बंद पडतो, मुलीची स्कूटी बंद पडते, शिलाई मशीन बंद पडतं. प्रत्येक वेळी ती कुणाच्या तरी सवडीची वाट पाहते. हा प्रश्न तिचा नाही, असं आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं?

आणखी एक सांगते. समुपदेशनासाठी एक बाई येत असे. नोकरी करणारी, स्वतःची स्कूटी असलेली. भांडण झालं की नवरा स्कूटीच्या प्लगची टोपी काढून खिशात घालून कामावर जायचा. किल्ली तिच्याकडेच, गाडी दारात, पण चालू होत नाही. कामावर खाडा, पगारात कपात, वर साहेबाची बोलणी. ती आम्हाला "गाडी सारखी बिघडते" एवढंच सांगत होती. प्लग म्हणजे काय आणि त्याची टोपी कुठे असते, हे तिला दाखवलं तेव्हा तिला कळलं की गाडी बिघडत नाही, बिघडवली जाते. ती टोपी बाजारात थोड्या पैशांत मिळते. तिने एक आणून पर्समध्ये ठेवली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात बाईला तिच्या हक्काच्या साधनांपासून अडवणं हा आर्थिक छळ मानला आहे. ते कलम आम्ही तिच्या अर्जात घातलं. पण अर्जावर निकाल लागेपर्यंत ती रोज वेळेवर कामावर पोचत होती, ती त्या टोपीमुळे.

दुसरा प्रश्न असा की बायकांसाठी सोप्या गाड्या आल्या आहेत ना, मग ही जुनी खटारा कशाला? आल्या आहेत, आणि त्यांनी मोठं काम केलं. १९७२ मध्ये आलेल्या लुनाने किती नर्सबाई, शिक्षिका पायावर उभ्या केल्या. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा बटणावर चालू होऊ लागली. पण जाहिराती नीट वाचा. पुरुषाला गाडी विकताना ते इंजिनाबद्दल बोलतात. बाईला विकताना रंगाबद्दल बोलतात, आणि 'तुम्हाला काही करावं लागणार नाही' असं सांगतात. चालवायचं स्वातंत्र्य दिलं, झाकण मात्र बंद ठेवलं.

तिसरा प्रश्न, मग आपण पुरुषांची नक्कल करायची का? मोटारसायकलवर छाती काढून फिरण्याचा जो मर्दपणा आहे त्याची नक्कल मला करायची नाही. दोन स्ट्रोकची गाडी धूर सोडते, तिचंही कौतुक नाही. पण पाना पुरुषाचा आहे, हेच मी मानत नाही. भाकरी थापणं हे जसं बाईच्या हाताला जन्मतः येत नाही, तसा नट आवळणं हेही पुरुषाच्या हाताला जन्मतः येत नाही.

मग करायचं काय?

नुसता राग धरून उपयोग नाही. आपल्या संघटनांनी आणि गटांनी पुढच्या वर्षभरात एवढ्या गोष्टी कराव्यात, असं मी सुचवते.

एक. यापुढे मशीन देणाऱ्या कुठल्याही संस्थेला आणि पुढाऱ्याला आपण विचारावं की दुरुस्तीचं शिक्षण कुठे आहे. ते नसेल तर त्या कार्यक्रमाला आपण बायका गोळा करून देऊ नयेत.

दोन. प्रत्येक बचत गटाने एक हत्यारपेटी घ्यावी. पान्यांचा संच, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, टेस्टर, फिलर गेज. ती गटाच्या मालकीची असावी आणि कुणाच्याही नवऱ्याच्या ताब्यात जाऊ नये.

तीन. आयटीआयला मुली पाठवायच्या तर एकटी-दुकटी पाठवू नये, पाच-सहा मिळून पाठवाव्यात. प्राचार्यांना आधी भेटून मुतारी, येण्या-जाण्याची वेळ आणि शिकाऊ उमेदवारीची जागा यांबद्दल लेखी घ्यावं. एसटीच्या आगारांत आज मुली यांत्रिकाचं काम करत आहेत. त्यांना शिबिरात बोलवावं, व्यासपीठावर बसवायला नव्हे, शिकवायला.

चार. २०२३ मध्ये आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहार, शिंपी, कुंभार अशा १८ कामांसाठी हत्यारांना १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. पण नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीची नोंद होते. घण घालणाऱ्या घिसाडी बाईचं नाव त्या यादीत कसं येणार? ही अट बदलावी, दोघांचीही कारागीर म्हणून नोंद व्हावी, ही मागणी आपल्या पुढच्या निवेदनात गेली पाहिजे.

पाच. वारसाच्या कागदावर सही करण्याआधी थांबा. कागद वाचून घ्या, वस्तूंची यादी मागा. यादीत दागिने आणि भांडीच नव्हेत, गाडी, मोटर, माग, शिलाई मशीन, वडिलांची हत्यारपेटी, सगळं असलं पाहिजे. हत्यारपेटीत वाटा मागणारी बहीण लोकांना विचित्र वाटेल. शेतात वाटा मागणारी बहीणही एके काळी विचित्रच वाटली होती.

सहा. घरात मुलगी असेल तर पुढच्या रविवारी तिला पाना द्यायला सांगू नका. तिच्या हातात पाना द्या, आणि मुलाला चहा ठेवायला पाठवा.